डोक्याचा मार आणि झोपेची गोळी

(शिक्षक, पंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्या एकत्रित शिबिरात एका वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथमोपचार या विषयावर मी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. परंतु रक्तस्राव कसा थांबवावा, मोडलेल्या हाडाला फळी कशी बांधावी, या गोष्टी आपणांस ठाऊक आहेत व त्यांवर पुस्तिकाही मिळतात. म्हणून या विस्तृत विषयातील एकच कोपरा मी आज निवडला आहे. डोक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी परततो. दोन-चार दिवसांनी त्याची झोप उडते. घरात आजीसाठी आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी फडताळात असते, त्यातील एक गोळी त्याला दिली जाते. ही गोळी द्यावी की न द्यावी, केव्हा द्यावी, आणि कोणाच्या सांगण्यावरून द्यावी, एवढाच माझा विषय आहे.

आपणांपुढे तो मांडण्याचे कारण असे की, हा निर्णय रुग्णालयात होत नाही. तो घराच्या ओसरीवर होतो, शाळेच्या कार्यालयात होतो, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर होतो. आणि अशा वेळी गुरुजींना, सरपंचांना, ग्रामसेवकांना विचारले जाते.

हादरा म्हणजे काय?

मेंदू हा कवटीच्या आत द्रवात तरंगत असलेला मऊ अवयव आहे. मोटारसायकल घसरते, मूल आंब्याच्या झाडावरून पडते, कबड्डीत दोन खेळाडूंची डोकी एकमेकांवर आदळतात, दहीहंडीचा थर कोसळतो; अशा वेळी डोके एकाएकी हलते वा थांबते आणि आतील मेंदू हिसका खातो. या हिसक्याने मेंदूचे कार्य तात्पुरते बिघडते, त्या अवस्थेला डॉक्टर 'कंकशन' म्हणतात. आपण त्याला मेंदूला बसलेला हादरा म्हणू. हा हादरा बसण्यासाठी डोके फुटावे लागत नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असेही नाही. बहुसंख्य रुग्ण क्षणभरही बेशुद्ध झालेले नसतात. डोके दुखणे, मळमळणे, भोवळ येणे, उजेड व गोंगाट सहन न होणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ही त्याची लक्षणे होत. ती काही वेळा उशिरा प्रकट होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ याच्या मानेवर चेंडू आदळला. तपासणीनंतर तो त्याच दिवशी पुन्हा फलंदाजीस आला. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागला आणि त्याला सामन्यातून बाहेर काढण्यात आले. त्याच्या जागी लाबुशेन खेळला. कसोटी क्रिकेटमध्ये या कारणासाठी बदली खेळाडू उतरविण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

मेंदूच्या पेशींत नेमके काय घडते, हेही थोडक्यात सांगतो, कारण पुढील सर्व मुद्दे त्यावर अवलंबून आहेत. हिसक्यामुळे मज्जापेशींची आवरणे ताणली जातात. आतील पोटॅशियम बाहेर पडते, बाहेरील कॅल्शियम आत शिरते. ही घडी पूर्ववत बसविण्यासाठी पेशींना अधिक इंधन लागते; परंतु नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा काहीसा घटलेला असतो. घरात पाहुण्यांची गर्दी व्हावी आणि त्याच दिवशी नळाला पाणी कमी यावे, असा हा प्रकार आहे. ही ओढाताण सी.टी. स्कॅनच्या चित्रात दिसत नाही. 'स्कॅनमध्ये काही नाही' या वाक्याचा अर्थ रक्तस्राव किंवा कवटीचा भंग दिसला नाही, एवढाच होतो. मेंदूला काही झालेले नाही असा होत नाही. बहुतेक प्रौढ माणसे सुमारे दोन आठवड्यांत बरी होतात. मुलांना चार आठवडेही लागू शकतात.

पहिले दोन दिवस

आता गोळीकडे वळू. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत झोपेची गोळी देऊ नये. त्यामागील कारण समजून घेतले, तर नियम पाठ करावा लागणार नाही.

२० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाका येथे एका स्थानिक सामन्यात भारताचे माजी कसोटीपटू रमण लांबा हे फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणास उभे होते. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. फलंदाजाने मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. थोड्याच वेळात त्यांची प्रकृती ढासळली, शुद्ध हरपली, मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यात आली. पण २३ फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. झोपेच्या गोळीचा या घटनेशी काहीही संबंध नव्हता. मी ती सांगितली ती एवढ्याचसाठी की, डोक्याला मार लागलेला माणूस चालतो, बोलतो, 'मी ठीक आहे' म्हणतो, आणि तरीही त्याच्या कवटीच्या आत रक्त साचत असू शकते. सुदैवाने असे थोड्याच रुग्णांत घडते. परंतु ते कोणात घडणार, हे मार लागताक्षणी सांगता येत नाही. म्हणूनच पाळत ठेवावयाची असते.

ही पाळत कशावर असते? माणूस सहज जागा होतो का, डोळे उघडतो का, विचारलेल्या प्रश्नाचे सुसंगत उत्तर देतो का, सांगितल्याप्रमाणे हात-पाय हलवितो का, यांवर. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या दोन मेंदूशल्यविशारदांनी १९७४ साली याच तीन गोष्टींना गुण देण्याची पद्धत बसविली. डोळ्यांना चार, बोलण्याला पाच, हालचालीला सहा, असे एकूण पंधरा गुण. कमीत कमी तीन. आजही जगभर डोक्याच्या दुखापतीचे मोजमाप या पद्धतीने होते. आता विचार करा: ज्या माणसाने झोपेची गोळी घेतली आहे, त्याचे बोलणे जड होते, तोल जातो, हाक मारली तर तो उशिरा ओ देतो. आतील रक्तस्रावाची सुरुवातही हुबेहूब अशीच दिसते. गोळीची गुंगी कोणती व रक्ताच्या दाबाने आलेली गुंगी कोणती, हे मग घरच्यांना तर नाहीच, पण डॉक्टरांनाही केवळ पाहून ओळखता येत नाही. गोळी रक्तस्राव उत्पन्न करीत नाही. ती राखणदाराला झोपविते.

आणखी एक धोका आहे. गुंगीची औषधे, विशेषतः दारूबरोबर घेतली असता, श्वास मंद करतात. श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वायू साठतो, त्यामुळे मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटीतील दाब वाढतो. दुखापत झालेल्या मेंदूला हे मुळीच परवडणारे नाही.

येथे 'झोपेची गोळी' याचा अर्थ थोडा व्यापक घ्यावा. सर्दीच्या अनेक गोळ्यांत गुंगी आणणारे औषध असते. प्रवासात गाडी लागू नये म्हणून काही जण जी गोळी घेतात, तीतही बहुधा तसेच औषध असते. डोक्याला मार लागलेल्या मुलाला उलटी झाली म्हणून ही गोळी दिली, तर एकाच गोळीने धोक्याच्या दोन खुणा झाकल्या जातात: उलटीही आणि पेंगही. डोकेदुखीसाठी साधे पॅरासिटामॉल योग्य त्या मात्रेत चालते. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा येतो.

याउलट, 'डोक्याला मार लागला आहे, त्याला झोपू देऊ नका' ही समजूत खेडोपाडी व शहरातही पक्की आहे. रात्रभर माणसाला हलवून, गालावर थापट्या मारून, कांदा हुंगवून जागे ठेवले जाते. जागे ठेवल्याने रक्तस्राव थांबत नाही. ज्याची तपासणी झालेली नाही, त्याला जागे ठेवीत बसण्याऐवजी तपासणीस न्यावे. आणि डॉक्टरांनी तपासून घरी पाठविले असेल, तर नैसर्गिक झोप त्याच्या हिताचीच आहे. पहिले एक-दोन दिवस त्याला नेहमीपेक्षा अधिक झोप येणे स्वाभाविक होय. घरातील एका जाणत्या माणसाने जवळ असावे, व डॉक्टरांनी सांगितले असेल तर मध्ये उठवून पाहावे, एवढे पुरेसे आहे. मात्र उठविता न येणे, वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, आकडी, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव वाहणे, यांपैकी काहीही दिसले तर उजाडण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. वृद्ध माणसे, रक्त पातळ करण्याची औषधे चालू असणारे रुग्ण आणि दारू प्यालेले लोक यांच्याबाबतीत लक्षणे नसतानाही तपासणी टाळू नये. शेवटच्या वर्गातील माणसाला 'प्यालेला आहे, पडू दे' म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, तिच्याइतकी घातक पद्धत मला दुसरी ठाऊक नाही.

नंतर उडालेली झोप

पहिले दिवस सरतात आणि चित्र पालटते. जो दिवसभर झोपत होता, तो रात्री टक्क जागा राहू लागतो. मेंदूच्या दुखापतीनंतर सुमारे निम्म्या रुग्णांना झोपेची काही ना काही तक्रार जडते, असे पाहणीत आढळले आहे. याची कारणे अनेक. झोप-जागेपणाची घडी राखणारी मेंदूतील केंद्रेच हादरलेली असतात. डोके व मान दुखत असते. दिवसा पडून राहिल्याने रात्रीची झोप आधीच खर्च झालेली असते. अपघात असेल तर पोलीस चौकशी, विम्याचा दावा, मोडलेली गाडी, बुडणारी मजुरी यांचे विचार रात्री अंथरुणावरच दाटून येतात. मन खचलेले असेल तर तेही झोप हिरावते. गोळी यांपैकी एकाही कारणाला हात लावीत नाही.

पूर्वी अशा रुग्णांना कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहावयास सांगत. ते मत आता मागे पडले आहे. २०२२ साली ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खेळाडूंसाठी जो सल्ला दिला, त्यात विश्रांती एक-दोन दिवसांपुरतीच, व तीही घरातल्या घरात हिंडते-फिरते राहून, असे म्हटले आहे. त्यानंतर सहन होईल तितके हलके चालणे सुरू करावयाचे. झोपेच्या दृष्टीनेही हे उपकारकच आहे. अंधारात पडून राहणाऱ्याला दिवस कोणता व रात्र कोणती, हेच शरीराला कळेनासे होते. म्हणून रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठावे, उन्हात थोडे फिरावे, दुपारची झोप अर्ध्या तासापलीकडे नेऊ नये, दुपारनंतर चहा घेऊ नये, रात्री मोबाईल उशाशी ठेवू नये. आणि झोप येत नसेल तर कूस बदलीत न राहता उठून ओसरीवर शांत बसावे, पेंग आली की मग अंथरुणावर जावे. हे सारे ऐकावयास आजीबाईच्या बटव्यासारखे वाटते. तथापि जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून, गोळीच्या आधी, अशा सवयींवर व विचारांवर आधारलेली शास्त्रशुद्ध उपचारपद्धती वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या प्रमुख संघटनेने २०१६ साली केली आहे. तिचा परिणाम दिसावयास काही आठवडे लागतात. गोळीचा परिणाम अर्ध्या तासात दिसतो. लोक गोळी का निवडतात, याचे उत्तर एवढ्यातच आहे, व त्यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

गोळ्यांविषयी थोडे

१९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ साली डायझेपाम ही औषधे बाजारात आली. त्यापूर्वीची बार्बिट्युरेट वर्गातील औषधे अधिक घातक होती, त्यामुळे या नव्या गोळ्यांचे स्वागत झाले व ते त्या काळी योग्यही होते. आज आपल्या घरांत आढळणारी अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही त्याच कुळातील होत. ती झोप आणतात, यात शंका नाही. परंतु त्यांनी स्मरण मंदावते, तोल बिघडतो, दुसऱ्या दिवशीही सुस्ती राहते. काहींचा अंश शरीरात दिवसेंदिवस टिकतो. हादरा बसलेल्या माणसाच्या तक्रारी तरी कोणत्या असतात? विसर पडतो, भोवळ येते, डोके चालत नाही. मग तो बरा होत आहे की नाही, हे पाहावयाचे कसे? काही आठवडे रोज घेतली की गोळीची सवय जडते, ती वेगळीच. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मेंदूला इजा केलेल्या उंदरांना डायझेपाम दिले असता त्यांचे पूर्ववत होणे रखडले, असे दिसून आले. उंदरावरून माणसाविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल; पण सावधगिरीस तेवढे कारण पुरेसे आहे.

झोल्पिडेम हे त्यामानाने नवे व थोडा वेळ टिकणारे औषध. तेही निर्धोक नाही. सकाळपर्यंत त्याचा अंमल राहून वाहन चालविणाऱ्यांना धोका होतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ साली स्त्रियांसाठी त्याची शिफारस केलेली मात्रा निम्मी केली. झोपेतच उठून चालणे, इतकेच नव्हे तर वाहन चालविणे, अशा घटनांमुळे २०१९ साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे सकाळी सहाला दुचाकीवरून दुधाचे कॅन घेऊन निघणाऱ्या तरुणाचा विचार या संदर्भात करावा.

मेलॅटोनिन या नावाने मिळणाऱ्या गोळीविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. अंधार पडला की मेंदूतील एक ग्रंथी जो स्राव सोडते, त्याचीच ही गोळी. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील एका छोट्या चाचणीत मेंदूची दुखापत झालेल्या प्रौढांची झोप तिने काहीशी सुधारली. २०२० साली कॅनडात मुलांवर झालेल्या चाचणीत मात्र, हादऱ्यानंतर रेंगाळलेल्या तक्रारींवर ती नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. म्हणजे इतरांच्या मानाने सौम्य, पण चमत्कार करणारी नव्हे.

डॉक्टरांनी झोपेचे औषध कधीच देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. रक्तस्रावाची भीती टळल्यावर, रुग्णाला पुन्हा तपासून, इतर उपाय करून पाहिल्यावर, कमीत कमी मात्रेत व मोजक्या दिवसांसाठी औषध देण्याचे प्रसंग येतात. डोकेदुखी व निद्रानाश दोन्ही असल्यास एखादे वेगळ्याच वर्गातील औषध उपयोगी पडते. अशा वेळी 'ही गोळी कोणत्या तारखेला बंद करावयाची?' हा प्रश्न रुग्णाने चिठ्ठी घेतानाच विचारावा. जिची शेवटची तारीख ठरलेली नाही, ती गोळी पुढे वर्षानुवर्षे चालू राहते, असा अनुभव आहे.

आता एक उलट बाजू. मार लागण्यापूर्वीपासूनच कित्येक वर्षे रोज झोपेची गोळी घेणारी वृद्ध माणसे आपल्या गावात असतात; किंबहुना अंधारात पाय घसरून पडण्याचे ते एक कारणच असते. अशा माणसाची गोळी, 'डोक्याला मार लागला आहे' म्हणून एकाएकी बंद करू नये. सवय झालेल्या शरीरातून ती अचानक काढून घेतली तर घाम, थरकाप, भ्रम आणि कधी आकडीही येते, आणि ती आकडी मेंदूच्या दुखापतीमुळे आली असा समज होऊन उपचाराची दिशा चुकते. मात्रा हळूहळू उतरवावयाची की तशीच ठेवावयाची, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे. त्यासाठी गोळी चालू आहे हे त्यांना कळले पाहिजे.

कायदा आणि शाळा

अधिकारी मंडळींसाठी एक गोष्ट. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम इत्यादी औषधे २०१३ साली औषध नियमावलीच्या 'एच-१' या अनुसूचीत घालण्यात आली व २०१४ पासून ती तरतूद अमलात आहे. पट्टीवर लाल रंगात खूण व इशारा असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत; विक्रेत्याने डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावयाची आहे. नियम चांगला आहे. पण जी गोळी शेजाऱ्याच्या फडताळातून येते, तिची नोंद कोणत्या वहीत होणार? तेथे आशा सेविकेचे व पंचायतीच्या सदस्याचे बोलणेच उपयोगी पडेल.

शिक्षकांस एवढेच सांगावयाचे आहे की, पडलेल्या वा डोके आपटलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळावयास सोडू नये, मग आंतरशालेय सामन्याचा अंतिम डाव का असेना. आधी वर्गात परतणे, नंतर मैदानावर, हा क्रम ठेवावा. असे मूल वर्गात पेंगू लागले, अक्षर बिघडले, चिडचिड करू लागले, तर छडीचा किंवा शेरेबाजीचा तो प्रसंग नव्हे. पालकांना बोलावून 'रात्री झोप लागते का, काही गोळी दिली आहे का' हे विचारण्याचा आहे.

आणि रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा गावातून पुढे पाठविताना सोबत एक चिठ्ठी द्या. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिली तरी चालेल. मार किती वाजता लागला, शुद्ध हरपली होती का, उलट्या किती व केव्हा झाल्या, आणि मार लागण्यापूर्वी वा नंतर कोणती गोळी किती वाजता घेतली. गोळीचे नाव वाचता येत नसेल, तर ती पट्टीच चिठ्ठीला टाचून पाठवा.